साठीनंतरचा व्यायाम : वजन किती, हे आपण ठरवायचे



गळीत हंगाम आटोपला, खोडव्याला पाणी सुरू झाले, की आपल्यातील बरेच वडीलधारे सभासद पंधरा दिवस मुंबईस मुलाकडे जाऊन येतात. लालबाग, परळ, काळाचौकी, कॉटन ग्रीन हा गिरणगावचा पट्टा आपल्याला परका नाही. सातारा-सांगली-कोल्हापूरकडची माणसे तिथे गिरण्यांत आणि गोदीत पिढ्यान् पिढ्या राबली. त्या काळी तिथे तालमी होत्या. लाल माती, जोर-बैठका, मुद्गल. आता इमारतीच्या तळमजल्यावर जिम असते आणि मुलगा म्हणतो, "आबा, चला, तुमचं पण नाव घालतो." आबांचे उत्तर ठरलेले : "जलमभर रानात राबलोय, आता कसला व्यायाम?"

या उत्तराचा नीट विचार केला पाहिजे.

कॉटन ग्रीन स्टेशनसमोर कापूस बाजाराची इमारत आजही उभी आहे. एकेकाळी कुलाब्याला असलेला हा व्यापार पुढे इकडे हलला आणि आसपास गाठींची गोदामे झाली. दाबून बांधलेली कापसाची गाठ आज १७० किलोची धरतात. गाठी हलवणाऱ्या हमालाला "तुला किती झेपेल?" असे गाठ विचारीत नाही. ती असते तेवढी असते. साखरेच्या गोदामातही तेच. पोते पूर्वी १०० किलोचे होते, पुढे ५० किलोचे झाले. पण ते उचलणाऱ्याचे वय किती, हे पोत्याला काय ठाऊक? कामात ओझे आधी ठरते आणि शरीराने त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते. त्यातून एक खांदा, एक बाजू, कंबर आणि गुडघे झिजतात. व्यायामात उलटे आहे. किती उचलायचे, किती वेळा, मध्ये किती थांबायचे, हे सारे आपल्या हातात.

आणि खरे सांगायचे तर ते रानातले राबणे तरी आता कितीसे उरले आहे? नांगरट ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने, बांधापर्यंत मोटारसायकल. चाळीस वर्षांपूर्वीचे कष्ट मांडीत साठून राहत नाहीत. पंगतीतून उठताना हात गुडघ्यावर जातो, एस.टी.ची पायरी उंच वाटू लागते, ही त्याची पहिली खूण. पुढे कधीतरी न्हाणीघरात पाय सटकतो, खुब्याचे हाड मोडते आणि चालता-बोलता माणूस अंथरुणाला खिळतो. आपल्या प्रत्येक गावात असे एखादे घर आहे.

आमच्या माहितीतील एक सभासद मुलाच्या आग्रहाने मुंबईत जिममध्ये गेले. तेथील पोरसवदा शिक्षकाने पहिल्याच दिवशी पन्नास बैठका आणि वर यंत्रे करविली. आबांनीही मान राखण्यासाठी "नको" म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. दोष वयाचा नव्हता, पहिल्या मात्रेचा होता. लागणीच्या उसाला सगळा युरिया एकदम टाकणारा शेतकरी आपल्यात कोणी आहे काय?

अमेरिकेत बोस्टन येथे वृद्धाश्रमातील नव्वदीच्या दहा माणसांना पायाच्या वजनाचा व्यायाम दिला गेला. त्याचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात ज्याच्या-त्याच्या ताकदीच्या निम्मेच वजन दिले, मग चढवीत नेले. आठ आठवड्यांत नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांतील जोर सरासरीने दुपटीहून अधिक वाढला. नव्वदीत जे होते ते पासष्टीत का होऊ नये?

आता करावयाचे कसे ते पाहू.

आधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, हर्निया, नुकतेच झालेले डोळ्याचे ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर ते सांगून विचारून घ्या. मधुमेहाचे इन्सुलिन वा गोळ्या चालू असलेल्यांनी उपाशीपोटी जाऊ नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम फुटून हातपाय थरथरू लागले तर तीच कामाला येते. (साखर कारखान्याच्या सभासदाच्या खिशात साखर नसावी, हे बरे दिसत नाही!)

पहिले दोन आठवडे यंत्राला हात लावू नका. भिंतीला टेकलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचे-बसायचे, आठ-दहा वेळा. हात टेकावाच लागला तर टेका. महिन्याभराने तो सुटतो. भिंतीवर तळवे ठेवून उभ्याने जोर काढायचे. कठडा धरून टाचा उचलायच्या, मग एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहायचे. हे आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. मोकळ्या दिवशी चालावे. मुंबईत पहाटे, वाहने वाढण्यापूर्वी.

तिसऱ्या आठवड्यात यंत्रांकडे वळावे. बसून पायाने रेटायचे, बसून ओढायचे आणि छातीपासून ढकलायचे, ही तीन पुरेत. दहा-बारा वेळा होईल आणि शेवटची दोन जड जातील, इतकेच वजन लावा. एक फेरी करून घरी या. बारा वेळा सलग दोन दिवस सहज झाले, तरच पुढची लहान पट्टी. जोर लावताना श्वास सोडायचा. दम कोंडून कण्हत उचलले की रक्तदाब एकदम चढतो. चालायच्या पट्ट्यावरून पट्टा पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नये. शेजारचा पंचविशीतला पोरगा काय उचलतो तिकडे पाहायचेच नाही. शिक्षकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, "बाळ, मी नवा आहे, थोडं कमी दे." यात कमीपणा काही नाही.

दोन-तीन दिवस अंग दुखले तर दुखू द्या. सांध्यात कळ आली तर तो प्रकार सोडा. छातीत दडपण, चक्कर, डाव्या हातात वा जबड्यात कळ आली तर तिथेच थांबून तडक दवाखाना. अति बैठकांनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तरीही तसेच.

डबेबंद पावडरीच्या मागे लागू नये. डाळ, दूध, दही, शेंगदाणे, चालत असेल त्यांनी अंडी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र यातले किती, ते डॉक्टरांनाच विचारावे.

भगिनींनी हे पुरुषांचे काम समजू नये. पाळी गेल्यावर त्यांची हाडे लवकर ठिसूळ होतात, तेव्हा गरज त्यांना अधिक.

मुंबईहून परतल्यावर जिम नाही, ही सबब चालणार नाही. केल्यावर सोडले की मिळवलेली ताकद काही आठवड्यांतच ओसरू लागते. घराचा ओटा आहे, भिंत आहे. पाच लिटरच्या कॅनमध्ये आधी दोन लिटर पाणी भरा, दोन्ही हातांनी कमरेपासून छातीपर्यंत उचला. किती वेळा झाले ते उसाच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर तारीखवार लिहा आणि महिन्याने पाव लिटर वाढवा.