ग्यान्त्सेत अर्धा दिवस जास्त काढा

ल्हासाहून एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्या गाड्या ग्यान्त्सेत कुंबुम स्तूप दाखवतात, जेवायला थांबतात आणि शिगात्सेकडे दामटतात. आमचीही दामटणार होती, पण पुढे रस्त्याचं काम निघालं आणि संध्याकाळपर्यंत वाहनं सोडणार नाहीत असं कळलं. ग्रुपमधल्या ‘खऱ्या ट्रेकर’ मंडळींचे चेहरे पडले. गाइड म्हणाला, “पाला वाडा बघायचा? चालतच जाऊ.”

न्यांग चू नदीच्या खोऱ्यातली ही चारेक किलोमीटरची सपाट वाट. सपाट असली तरी जवळजवळ 4,000 मीटरवरची. आपल्या कळसूबाईचा माथा 1,646 मीटर. तेव्हा गप्पा कमी, पावलं सावकाश. दोन्हीकडे सातूची शेतं. दुपारनंतर वारा धूळ घेऊनच येतो, नाकातोंडाला रुमाल हवाच.

पाला या जुन्या सरंजामदार घराण्याचा हा वाडा तीन मजली. वर रंगवलेले खांब, देवघर, काचेच्या कपाटात विलायती दारूच्या बाटल्या. रस्ता ओलांडला की गड्यांच्या खोल्या: मातीच्या भिंती, धुरानं काळं पडलेलं छत, आत शिरायचं ते वाकूनच. दोन्हीकडे सारखाच वेळ द्या. फलक सरकारी, जुन्या सरंजामशाहीचा जुलूम तेवढा सांगणारे. जुलूम होताच, त्या खोल्या बघून शंका राहत नाही. पण याच घराण्यातले थुप्तेन वोदेन पाला दलाई लामांच्या दरबारातले बडे अधिकारी होते आणि 1959 मध्ये लामांना ल्हासातून बाहेर काढण्यात त्यांचा मोठा वाटा होता, हे फलकावर कशाला लिहितील!

इतिहास थोडक्यात: 1904 मध्ये यंगहजबंडच्या ब्रिटिश मोहिमेनं इथल्याच चांगलो वाड्यात तळ ठोकला, मेमध्ये पाला गाव लढून घेतलं, 6 जुलैला टेकडीवरचा जोंग, म्हणजे किल्ला. लढणारे बरेचसे शीख आणि गुरखे, म्हणजे आपल्याकडचेच. पुढे इथे भारताची व्यापार कचेरीही होती. 1954 च्या पुरानं तिचा घास घेतला.

वाड्यात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. ल्हासाहून येताना कारो ला खिंडीत मात्र हिमनदीपुढे सेल्फीची रांग, आणि पायाशी ऑक्सिजनचे रिकामे डबे. श्वास विकत घेता येतो, मग डबा गाडीत परत ठेवायला काय जातं?

परवाना, गाइड, गाडी सगळं एजन्सीमार्फतच. परदेशी माणसाला तिबेटात एकट्यानं फिरता येत नाही. फेब्रुवारीअखेर ते मार्च बहुधा प्रवेश बंदच असतो. एजन्सीशी बोलताना पाला वाडा कार्यक्रमात लिहूनच घ्या, आयत्या वेळी गाइडला वाट बदलणं अवघड जातं.

आणि कुंबुम? 1427 मध्ये बांधायला घेतलेला, सत्तरहून जास्त देवळ्यांचा हा स्तूप बसगाड्या यायच्या आत, सकाळीच उरका. विजेरी न्या, आतली भित्तिचित्रं अंधारात आहेत आणि वरचे जिने त्याहून अंधारात.