आधी ढग बघा, मग तिकीट काढा

टोरोंटोतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात आई-बाबा आले की नायगारापाठोपाठ सीएन टॉवर ठरलेलाच. आमची तिकिटं आधीच काढलेली होती, आणि त्या दिवशी नेमकं टॉवरचं डोकं ढगात. लिफ्ट जेमतेम मिनिटभरात ३४६ मीटरवर पोचली. वर चहूकडे पांढरं. बाबा काचेला नाक लावून म्हणाले, "महाबळेश्वरला पावसाळ्यात हेच फुकट दिसतं."

तिकिटावर वेळ छापलेली असते, म्हणून ते आदल्या रात्री हवामान बघूनच काढावं. खालून ३४६ मीटरवरचा मजला दिसत नसेल तर वरून शहर दिसणार नाही, एवढा साधा हिशेब आहे. असा दिवस पायथ्याशीच असलेल्या मत्स्यालयात घालवावा.

काचेची जमीन ३४२ मीटरवर आहे, १९९४ पासून. खाली नुसता धूर दिसत होता तोवर आई पदर खोचून ऐटीत तिच्यावर उभी होती. मग ढग जरासा फाटला, खालची छपरं दिसली, आणि तिने बाबांचं मनगट असं धरलं की नखं उमटली. घाबरणाऱ्याला पुढे ढकलू नका. हसण्यासारखं वाटतं, पण गुडघे खरंच लटपटतात. शेजारी बिनकाचेची जमीन असतेच.

फिरतं उपाहारगृह ७२ मिनिटांत एक गिरकी घेतं. स्वच्छतागृह मधल्या स्थिर भागात आहे, त्यामुळे दहा मिनिटांनी परतलात तर आपलं टेबल बरंच पुढे सरकलेलं असतं. वडीलधाऱ्यांना एकटं पाठवू नका; बाबा भलत्याच कुटुंबाच्या टेबलाशी उभे सापडले. ४४७ मीटरवरच्या स्कायपॉड या आणखी उंच मजल्याला जास्तीचे पैसे पडतात. माझ्या मते सहकुटुंब गेलेल्यांनी ते जेवणावर घालावेत.

एजवॉक मात्र फक्त धडधाकटांसाठी. ३५६ मीटरवर, दीड मीटर रुंद कडेवरून, कठड्याशिवाय, दोराला बांधून चालायचं. २०११ पासून चालू आहे, पण हिवाळ्यात बंद. विजा किंवा फार वारा असला तर थांबवतात. दारू प्यायलात का, हेही तपासतात. घड्याळ, अंगठी, कानातलं सगळं उतरवावं लागतं. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर तो वाद घरीच मिटवून या. तिथे मागे रांग असते.