आधी बिजागरी बघ, मग स्ट्रट

हे बघ, बाबांच्या पद्मिनीच्या बॉनेटला गॅसचे स्ट्रट लावायचं तुझ्या डोक्यात आलंय, ते मला पटतं. मुलुंडच्या सोसायटीत, पार्किंगच्या त्या अरुंद जागेत एका हाताने बॉनेट पेलायचं आणि दुसऱ्या हाताने सळई खाचेत बसवायची, हा प्रकार मलाही बघवत नाही. एखाद्या दिवशी सळई निसटली तर ते वजन थेट तुझ्या मानेवर येईल. म्हणून थोडं ऐक माझं.

बॉनेट खाली येतं त्याचा दोष बहुतेक वेळा सळईचा नसतोच. ती ज्या भोकात फिरते ते झिजून लांबट झालेलं असतं, टोकाचं रबर कडक होऊन गळून गेलेलं असतं, आणि बिजागरीची पिन सैल झालेली असते. बॉनेट अर्धवट उचलून डावी-उजवीकडे हलवून बघ. कोपरा डुलला तर आधी पिन आणि बुश बदल. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात बिजागरीखालचा पत्रा आतून गंजतो, रंगावरून कळत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐक. तिथला पत्रा कुजलेला असेल तर स्ट्रटचा विचार सोड, आधी वेल्डिंग. कमकुवत पत्र्यावर जोराचा स्ट्रट बसवला की तो बॉनेटच वाकवतो.

स्ट्रट किती ताकदीचा, हे दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नकोस. बॉनेट पूर्ण उघडून कुणालातरी धरायला सांग. मोकळ्या कडेला सामान तोलायचा काटा अडकव आणि सगळा भार काट्यावर येईपर्यंत पत्र्याला काटकोनात ओढ. समज, काटा 4 किलो दाखवतो आणि कड बिजागरीपासून 100 सेंटिमीटरवर आहे. उघड्या स्थितीत स्ट्रटची रेघ बिजागरीपासून 15 सेंटिमीटर दूर जात असेल, तर 400 भागिले 15, म्हणजे साधारण 27 किलो; दोन स्ट्रटमध्ये प्रत्येकी साडेतेरा. किलोला जवळपास 10 न्यूटन धर, वर थोडी जास्तीची सोय ठेव, म्हणजे 150 न्यूटनचा पुरे. हा आकडा स्ट्रटवर छापलेला असतो. 300 चा घेतलास तर बॉनेट बंद करताना दाबावं लागेल आणि लॅचवर कायम ताण राहील. आणि बसवताना बारीक दांडा खाली ठेव, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं आणि तो जास्त टिकतो.

आता माझा खरा हट्ट. बॉडीला एकही नवं भोक पाडू नकोस. कुर्ल्यात 1964 पासून फियाट म्हणून बनलेली आणि 1974 पासून पद्मिनी म्हणवली गेलेली ही गाडी. 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही ती गेली. आता उरल्यात त्या अशा घरोघरच्या, जपलेल्या. आपली 1975 ची, 50 वर्षं ओलांडलेली. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे मूळ रूपातली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली इतकी जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. एका भोकाने ती बाद होईल असं मी म्हणत नाही. शिवाय तशी नोंदणी केलीस तर गाडी रोज फिरवता येणार नाही, तेव्हा तो निर्णय तुझा. पण पाडलेलं भोक पूर्ववत होत नाही, आणि गंज तिथूनच सुरू होतो. आधीच्या बोल्टांवर बसेल अशी पट्टी बनवून घे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे.

जुनी सळई मात्र काढायची नाही, बरं का. स्ट्रटमधला गॅस वर्षागणिक कमी होतो आणि एक दिवस बॉनेट हळूच बसायला लागतं. आत हात घालायच्या आधी सळई लावायचीच, मग स्ट्रट कितीही नवे असोत.

रविवारी सकाळी मी घाटकोपरहून येते. बॉनेट मी धरते, काटा तू वाच. तोवर स्ट्रट विकत घेऊ नकोस.