गाठीचे चार पैसे

सज्जनहो, आषाढी जवळ आली म्हणजे प्रत्येक वारकऱ्याच्या घरी हिशेब सुरू होतो. दिंडीची भिशी किती, पडशीत काय घ्यायचे, मागे घरच्यांसाठी धान्य किती ठेवायचे. आळंदीहून पंढरीची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालणारा शहाणा गडी हा पैका ऐन वेळी उभा करीत नाही. वर्षभर थोडा थोडा बाजूला काढतो. वारीची तिथी ठाऊक असूनही आपण इतकी तयारी करतो. मग ज्या संकटाला तिथीच नाही, त्याची तयारी का नको?

यावर कोणी भाविक म्हणतो, "अहो माउली, तो विठोबा उभा आहे की काळजी घ्यायला! साठवून ठेवायचं म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही असंच झालं." हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण तुकोबारायांचे चरित्र पाहावे. घरी वाण्याचे दुकान, सावकारी. १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला, धंदा बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे वैराग्य बाणले तेव्हा लोकांच्या कर्जाचे कागद त्यांनी वाटले; धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांस दिला आणि फक्त आपला वाटा इंद्रायणीत बुडविला, असे परंपरा सांगते. यातले मर्म ध्यानात घ्यावे. वैराग्य घ्यायचे ते आपल्या वाट्याचे. ते भावाच्या पोटावर लादायचे नाही. तसेच आपल्या भरवशाचा भार बायकामुलांच्या औषधावर अन् भाकरीवर घालू नये.

आता व्यवहार पाहू. ज्या घराला महिन्याला १२,००० रुपये लागतात, त्याने तीन महिन्यांचा, म्हणजे ३६,००० रुपयांचा आधार करावा. आकडा ऐकून छाती दडपते. पण रोज २० रुपये बाजूला पडले तर महिन्याचे ६०० होतात, वर्षाचे ७,२०० आणि पाच वर्षांत ३६,००० भरतात. हे २० रुपये यायचे कुठून? गळ्यात माळ आहे, तरी कित्येकांची तंबाखूची पुडी सुटत नाही. चावडीवरचा दुसरा-तिसरा चहा आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी, हा प्रकार तर घरोघर! मोठी गळती मात्र लग्नातला मानपान, आहेर आणि हप्त्यावर आणलेल्या वस्तूंत असते. ऋण काढून सण करणाराच दुखणे आले की सावकाराची पायरी चढतो. तिथे व्याज रात्रीही चालते. ते एकादशीलासुद्धा उपास करीत नाही.

काटकसर म्हणजे मुलांचे दूध तोडणे नव्हे, की म्हाताऱ्यांचे औषध लांबविणे नव्हे. गरज राखावी, मिरवणे सोडावे.

साठलेला पैसा गाडग्यात पुरू नये. पोस्टात किंवा बँकेत, घरच्या लक्ष्मीला ठाऊक असेल अशा रीतीने ठेवावा. शक्य तर खाते दोघांच्या नावावर असावे. बँकेतील ठेवीला २०२० पासून माणशी, एका बँकेत, ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. दामदुप्पट देतो म्हणणाऱ्याच्या हाती हा पैसा कधी देऊ नये. आजारपण, पीक बुडणे, मजुरी तुटणे एवढ्यासाठीच त्याला हात लावावा. आणि काढला तर पुन्हा भरावा.

२०२० साली करोनाच्या साथीत पायी वारी होऊ शकली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. त्या दिवसांत हातावर पोट असणाऱ्यांची मजुरी एका दिवसात थांबली. ज्याच्या गाठीला चार पैसे होते त्याचे घर चालले, आणि शेजाऱ्याला पायलीभर ज्वारीही देता आली. रिकाम्या हाताला दानही साधत नाही.

म्हणून वारकरी बंधुभगिनींनो, येत्या एकादशीपासून आरंभ करा. संध्याकाळी हरिपाठाला बसण्यापूर्वी दिवसाचे २० रुपये, तेवढे नसतील तर पाचच, डब्यात टाका आणि महिनाअखेर खात्यात भरा. कर्जाचा घोर नसला म्हणजे नाम घेताना मन सावकाराच्या दारी जात नाही. ते पंढरीच्या वाटेवर राहते.

रामकृष्णहरि!