गिटारचा एक सोपा तुकडा

परभणीला दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. तुमच्यापैकी अनेकांनी तेथे कव्वाली ऐकली असेल. कव्वाल एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात आणि मागे बसलेले साथीदार टाळ्या वाजवतात. रॉक संगीतात गिटारवर असेच काही करतात. चार-सहा सुरांचा एक लहान तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतात. त्याला 'रिफ' म्हणतात. तो कानावर पडला की गाणे कोणते, हे लगेच ओळखू येते.

अशा तुकड्याची एक हकीकत सांगतो. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो या गावी एका संगीतगृहाला आग लागली. समोरच्या सरोवरावर धूर पसरला. 'डीप पर्पल' नावाचे इंग्लंडचे कलाकार त्या वेळी गावातच होते. त्यांनी त्या धुरावर गाणे रचले आणि ते १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यातला रिची ब्लॅकमोर यांचा गिटारचा तुकडा इतका सोपा आहे, की जगभर नवशिके आधी तोच वाजवू पाहतात. आपल्याकडेही गिटार परकी राहिलेली नाही. 'यादों की बारात' (१९७३) या चित्रपटातील 'चुरा लिया है' या गाण्यात भूपिंदर सिंग यांनी गिटार वाजवली आहे. होय, गझल गाणारे तेच भूपिंदर!

आता आपण एक तुकडा शिकू. हा मी मुलांसाठी स्वतः बसवला आहे. गिटारला सहा तारा असतात. मांडीवर धरली की सर्वांत जाड तार वर येते. आपल्याला तेवढी एकच तार पुरे. दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या दिसतात. सतारीप्रमाणे त्यांनाही पडदे म्हणतात. तिसऱ्या पडद्यासाठी डाव्या हाताची तर्जनी आणि पाचव्यासाठी अनामिका वापरा. बोट पट्टीवर ठेवू नका, तिच्या किंचित मागे, खुंट्यांच्या बाजूला दाबा. नाहीतर सूर दबका निघतो. उजव्या हातातील नखीने तार वरून खाली छेडा.

आठ मात्रा मोजा आणि वाजवा :

मोकळी – मोकळी – तीन – शांत
मोकळी – पाच – तीन – शांत

'मोकळी' म्हणजे पडद्यावर बोट न दाबता. 'शांत' म्हणजे तर्जनी तारेवरून न उचलता फक्त सैल सोडायची. आवाज लगेच थांबतो.

बोटांची टोके सुरुवातीला दुखतात. आठ-दहा दिवसांत कातडी थोडी कठीण होते. रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नका.

खरी अडचण बोटांची नाही. बी.एड. करताना माझ्या खोलीत जिंतूरचा एक मित्र राहत होता. त्याच्या जुन्या गिटारवर मी दोन संध्याकाळींत असाच एक तुकडा बसवला आणि लगेच स्नेहसंमेलनात नाव दिले. मंचावर माझी बोटे भराभर चालली. सुरांमधल्या शांत जागा मी गिळून टाकल्या. ढोलकीवाल्याने दोनदा मला गाठायचा प्रयत्न केला आणि शेवटी हात बाजूला ठेवले. मुले हसली. मी गिटार पलंगाखाली सरकवून दिली.

शेजारी एक वयस्क तबलावादक राहत. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. ते म्हणाले, "बेटा, सूर तुला येतात. थांबायला येत नाही." त्यांनी मला दोन दिवस गिटारला हात लावू दिला नाही. फक्त केरवा मोजायला लावला. केरव्याच्याही मात्रा आठच. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचव्या मात्रेवर खाली. खाली म्हणजे रिकामी. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. तेथे टाळी न देता हात नुसता बाजूला न्यायचा. मला वाटले, हा पोरखेळ आहे. तिसऱ्या दिवशी गिटार घेतली, तेव्हा चौथी आणि आठवी मात्रा आपोआप जागेवर पडली.

म्हणून तुम्हीही आधी मात्रा मोजा. गिटार प्रत्येकाच्या घरी नसते. काही घरांत वाद्य आवडतही नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारूनच हात लावा. टाळीला मात्र काही लागत नाही. एकाने आठ मात्रा मोजाव्यात, दुसऱ्याने वरील तुकडा तोंडाने म्हणावा आणि 'शांत' आले की ओठ मिटावेत. पाहा, कोण आधी चुकतो!

स्वाध्याय
१. लेखकाचा तुकडा मंचावर का फसला?
२. पडदा, तार, खाली, उस्ताद या शब्दांचा तुमच्या वाक्यांत उपयोग करा.
३. तुम्ही घाईने बिघडवलेल्या एखाद्या कामाविषयी पाच वाक्ये लिहा.