हळदी रंगाच्या सहा कुंड्या

2023च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला, तेव्हा आमच्याकडे कोशिंबिरीतून तो गायब झाला आणि माझ्या डोक्यात शेती शिरली. पुण्यातली तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, तोंड पश्चिमेला, उन्हाची ददात नाही. नर्सरीतून सहा रोपं आणली आणि सहा कुंड्या. आठ इंची, हळदी रंगाच्या, चकचकीत. नर्सरीवाले काका म्हणालेही, "ताई, टोमॅटोला ना? मोठी घ्या." मला वाटलं, महागातलं गळ्यात मारतायत.

सप्टेंबरपर्यंत थाट होता. रोपं कमरेला लागली, पिवळी फुलं आली, मी फोटो पाठवत सुटले. मग ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि सकाळी घातलेलं पाणी दुपारी दोनलाच संपायला लागलं. पानं लोंबायची, मी धावत तांब्या घेऊन जायची. दसऱ्याला दोन दिवस साताऱ्याला गेलो. परत आलो तर सहाच्या सहा माना टाकून. भरपूर पाणी घातलं, संध्याकाळी उठली बिचारी. पण आठवड्याभरात लिंबाएवढ्या हिरव्या फळांच्या बुडाला काळा चट्टा दिसू लागला. बोट लावलं तर चामड्यासारखा लागायचा. रोग समजून मी कडुनिंबाचं तेल फवारलं, अंड्याची टरफलं कुटून घातली. काही उपयोग नाही. तो रोग नव्हताच. माती कधी कोरडी ठक्क, कधी चिखल, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि ते टोक मरतं. सहा झाडांनी मिळून अकरा टोमॅटो दिले. त्यातले सात बुडाशी काळे.

शेवटी एक कुंडी उलटी करून ठोकली, तेव्हा सगळं कळलं. आत माती जवळपास उरलीच नव्हती. पांढऱ्या मुळांचा शेवयांसारखा गुंता, कुंडीच्या आकाराचा, हुबेहूब साच्यातून काढल्यासारखा. त्या कुंडीत जेमतेम चार लिटर माती मावते. मी कुंडी गॅलरीच्या कठड्याला शोभेल अशी घेतली होती. टोमॅटोला कोणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी शहाणी झाले, पण अर्धवट. सासूबाईंची तुळस कोकणात वर्षानुवर्षं तेलाच्या डब्यात आहे म्हणून मीही पंधरा किलोचे दोन डबे आणले. माती पुरेशी बसली, थंडीत फळंही चांगली लागली. मार्च उजाडला आणि दुपारच्या उन्हात डब्याला हात लावला तर चटका! पश्चिमेकडच्या बाजूची मुळं तपकिरी पडली होती. वर बूड गंजून त्याचं तांबूस पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर. त्यानंतर जिन्यात भेटल्या की त्या आधी चादरीची चौकशी करतात.

आता वापरते रंगकामाच्या रिकाम्या बादल्या, वीस लिटरच्या, पांढऱ्या. एका बादलीत एकच रोप. दोन लावायचा मोह होतो, लावू नका. आतला पाण्यातल्या रंगाचा थर वाळला की सालीसारखा निघतो, तो पूर्ण काढून बादली घासून घ्यायची. मात्र कीटकनाशकाचा किंवा कारखान्यातल्या केमिकलचा डबा कितीही धुतला तरी नको. बुडाला पेन्सिलीएवढी सात-आठ भोकं ड्रिलने पाडा, दोन-तीन बाजूलाही, बुडापासून इंचभर वर. तापल्या सळईने पाडली तर धूर नाकात जातो. खाली दोन विटा ठेवल्या की भोकं बुजत नाहीत. ताटली ठेवू नका, साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते.

तळाशी खडी घालायचा सल्ला सगळे देतात, मीही इमानेइतबारे घालायची. पाणी खडीच्या वर थबकतं आणि मातीची चार बोटं जागा फुकट जाते. भोकावर खापराचा तुकडा पुरतो. नुसती माती भरलीत तर ओली बादली तीस किलोच्या घरात जाते आणि मग ती हलवायला घरचे तयार होत नाहीत. मी माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारखंच घेते आणि वर सुकल्या पानांचा जाड थर देते. त्या थराने पाण्याची एक खेप वाचते.

मातीची कुंडी वाईट नाही, पण ती पाणी पिते, वजनदार असते आणि चौदा इंचाच्या खाली घेण्यात अर्थ नाही. ग्रो बॅग बारा बाय बाराची चालते. स्वस्तातली पातळ पिशवी उन्हाने कडक होऊन फाटते, आणि भरलेली उचलायला गेलात तर त्याआधीच.

चेरी टोमॅटोचं फळ बोराएवढं म्हणून लहान कुंडी घेणारे मी पाहिले आहेत. त्याच्या बऱ्याचशा जाती पाच-सहा फूट वाढतात. रोप घेताना झुडपी जात आहे की उंच वाढणारी, ते आधी विचारा आणि नर्सरीवाले काका मोठी कुंडी घ्या म्हणाले तर ऐका.

दिवाळीच्या आधी सोसायटीत कुणाकडे ना कुणाकडे रंगकाम निघतंच, आणि टोमॅटो लावायलाही तेच दिवस बरे. रंगाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा, रिकामी बादली टाकू नको म्हणावं.