होकार द्यायला किती दिवस घ्यावेत?

मध्यंतरी नाशिक रोडच्या आमच्या कापड दुकानात एक कटिंग मास्तर मशविऱ्यासाठी आला. मुंबईच्या एका तयार कपड्यांच्या कारखान्याने त्याला बोलावले होते. "चाचा, जबाब कधीपर्यंत देऊ?" आम्ही उलट विचारले, "मालकाने मुदत किती दिली?" ते त्याने विचारलेच नव्हते. आपल्या कारागीर बांधवांची पहिली चूक इथेच होते.

कायदा समजून घ्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्तावाला मुदत दिली असेल तर ती संपताच प्रस्ताव संपतो. मुदत दिली नसेल तर वाजवी काळानंतर संपतो. शिवाय आपण होकार कळवण्यापूर्वी मालक आपला शब्द मागे घेऊ शकतो. म्हणजे गप्प बसणे हे अर्धा नकार देण्यासारखेच आहे.

मग किती दिवस घ्यावेत? फिकहमध्ये खरेदी-विक्रीसाठी 'खियारे शर्त' आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याची मुदत तीन दिवस. नोकरी म्हणजे मालाचा सौदा नव्हे, पण माप चांगले आहे. गावातल्या कामाला तीन दिवस पुरेत. परगावी जायचे असेल तर आठवडा मागावा. आखातात जायचे असेल तर दिवस मोजू नयेत, कागद मोजावेत. १९८३ च्या कायद्याने अशी भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची केली. नोंदणी आणि लेखी करार पाहिल्याशिवाय पैसे किंवा पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नये.

या दिवसांत तीन कामे करावीत.

१) हिशेब : मास्तरला इथे १८,००० मिळत होते, तिथे २४,००० मिळणार होते. खोली-खानावळीचे ९,००० वजा केले तर हाती १५,०००च उरत होते.

२) उचल : जुन्या मालकाची उचल हे कर्ज आहे, ते फेडण्याची तारीख ठरवावी. मात्र उचलीपायी माणसाला जबरदस्तीने कामावर अडकवून ठेवण्यास १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंदी आहे.

३) मशविरा आणि इस्तिखारा : घरच्यांना विचारावे, दुआ करावी. पण इस्तिखाऱ्याच्या नावाखाली टाळाटाळ करू नये.

मास्तरने फोन करून सोमवारपर्यंत मुदत घेतली आणि रविवारीच नम्रपणे नकार कळवला. कारखान्याला दुसरा माणूस शोधता आला, याचा सवाल वाईट राहिला नाही.

व्यापारी बांधवांनाही एक गोष्ट सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका सेल्समनला "बघतो" म्हणून पंधरा दिवस टांगणीला लावले. आमच्या भरवशावर त्याने हातची दुसरी जागा सोडली आणि शेवटी आम्ही नाही म्हटले. त्याने तक्रार केली नाही, पण ते ओझे आमच्या मनावरून उतरलेले नाही. तेव्हापासून आम्ही पगार, काम आणि जबाबाची तारीख चिठ्ठीवर लिहून देतो. एवढी चिठ्ठी प्रत्येक दुकानदाराने द्यावी आणि प्रत्येक कारागिराने मागून घ्यावी.